पुढच्या भागाबद्दल

पुढचा भाग येणार म्हणतात.
गेल्या वर्षीही म्हणत होते, त्याच्या आदल्या वर्षीही.
या खेपेला दीड मिनिटाची झलक तरी आली:
ओला रस्ता, एक पिवळी गाडी,
आणि शेवटी काळ्या पडद्यावर नुसता इंजिनचा आवाज.
मी ती अकरा वेळा पाहिली
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, दोन मागांमधल्या बोळात उभा राहून.
आवाज ऐकूच आला नाही.
धोट्यांच्या खडखडाटात
इंजिन मीच मनानं घातलं.

अंबादास दुडमला कळवलं. तो हैदराबादला टॅक्सी चालवतो.
म्हणाला, "आता तरी पोलीस सुधारलेत का बे?"
मागच्या भागात त्यांच्या गाड्या
आभाळातून पडल्यासारख्या समोर यायच्या,
आणि त्या अन्यायाचा आम्हाला
खऱ्याखुऱ्या अन्यायांपेक्षा जास्त राग होता.

पंधरा वर्षांचे होतो. अशोक चौकाजवळ येमूलांचा कॅफे,
तासाला वीस रुपये, कूलर कोरडा.
नळाला पाणी पाचव्या दिवशी, ते कूलरला कोण घालणार?
दोघांत मिळून वीस, म्हणून खुर्ची एक,
कीबोर्ड एक: बाण माझे, डावीकडची अक्षरं त्याची,
पडदा मधोमध कापलेला.
तो वरच्या अर्ध्यात, मी खालच्या.
वळणावर गाडीबरोबर आम्हीही कलायचो,
खुर्ची कुरकुरायची, येमूल खाकरायचे.
"पद रा, पद!" तो गाडीला तेलुगूत दामटायचा.
आईबरोबर विड्यांचे कट्टे बांधून यायचा,
कीबोर्डच्या डाव्या बाजूला कायम तंबाखूचा वास.

तर, जे कोण बनवत असाल त्यांना:
शहर फार मोठं नको.
फार मोठं शहर वेगात सगळं सारखंच दिसतं.
गाड्या पैसे भरून उघडायला लावू नका, कमवू द्या.
पहिली भंगारातली, एक दरवाजा वेगळ्या रंगाचा,
तीच शेवटच्या शर्यतीपर्यंत न्यायची असली
तर नेऊ द्या.
नेट गेलं म्हणून खेळ थांबू नये,
आमच्याकडं वारं सुटलं तरी नेट जातं.
आणि दरवेळी पाऊसच का?
एकदा दुपारचे दोन घाला, चव्वेचाळीस अंश,
डांबर मऊ, टायर ओढले जातायत,
समोर पाणी दिसतंय आणि नाहीये.
त्यातनं गाडी काढणाऱ्याला गुण द्या.
कसं दिसतं माहीत नसलं तर एप्रिलात होटगी रोडला या,
मी दाखवतो.

आणि पडदा कापा.
हे आता कुणी मागत नाही, ठाऊक आहे.
आता म्हणे जगातल्या कुणाशीही खेळता येतं.
मला जगातलं कुणी नको.
मला वरचा अर्धा भरलेला पाहिजे.

तसं बघितलं तर माझ्या कॉम्प्युटरवर
तो चालणारच नाही. नुसत्या कार्डाला दोन पगार.
अंबादासकडं तर कॉम्प्युटरच नाही.
तरीही परवा त्यानं विचारलं, "तारीख आली का?"
मी म्हटलं, "येईल."
दिवाळीला गावी येशील का, हे विचारायचं होतं, ते राहिलं.

काल दुसरी पाळी सुटून
स्कूटरवर टॉवेलांचं बोचकं घेऊन निघालो.
सात रस्त्याला रात्री एक वाजता कुणी नव्हतं.
सिग्नल नुसता पिवळा मिचकत होता,
शर्यतीआधीची मोजणी अडकावी तसा:
तीन, तीन, तीन.
जायला काहीच हरकत नव्हती.
मी एक पाय टेकून उभा राहिलो.
डावीकडं एक कुत्रं येऊन थांबलं,
अगदी रेषेला रेष लावून.
मी ॲक्सिलरेटर जरासा पिळला.
त्यानं कान टवकारले,
माझ्याकडं बघितलंही नाही,
आणि मोजणी संपायच्या आत सुटलं.